एकतिसाव्या वचनावर का थांबता?

फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात आणि कैदी पळाले असे समजून हा माणूस तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघतो. आम्ही सगळे इथेच आहोत, असे आतून पौल ओरडून सांगतो. मग तो दिवे मागवतो, थरथरत आत येतो आणि तारण व्हावे म्हणून मी काय करू, असे विचारतो. प्रभू येशूवर विश्वास ठेवलास की तुझे आणि तुझ्या घरच्यांचे तारण होईल, असे त्याला उत्तर मिळते. हे एकतिसावे वचन. बाजारात, स्टेशनबाहेर, दवाखान्याच्या दाराशी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर ते ठळक छापलेले असते आणि पत्रक तिथेच संपते. खाली चार ओळींची प्रार्थना असते, ती मनापासून म्हटली की तारण झाले म्हणून समजायचे. बाप्तिस्म्याचे काय? ती बाहेरची साक्ष, पुढे सवडीने द्यायची. आणि सत्कर्मे? झाली तर उत्तम, पण त्यांचा तारणाशी संबंध जोडलात तर तुम्ही कृपेचा अपमान केलात. बायबलची शुद्ध शिकवण हीच, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी परत मिळवली ती हीच, आणि याहून वेगळे बोलणारा कर्मे करून तारण कमवायला निघालेला, असे हे मत मोठ्या आत्मविश्वासाने सांगते. ते बायबलच्या कसोटीवर टिकत नाही. ज्याचे नाव घेऊन ते सांगितले जाते त्या मार्टिन ल्यूथरच्या कसोटीवर तर त्याहून टिकत नाही.

पत्रकात न छापलेली पुढची तीन वचने आधी पाहू. पौल आणि सीला यांना त्या दिवशी छड्यांनी झोडपलेले होते, आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते ते याच अधिकाऱ्याने. आता ते दोघे त्याच्या घरच्या सगळ्यांना वचन सांगतात. रात्रीच्या त्याच घटकेला तो त्यांना घेऊन त्यांच्या जखमा धुतो आणि लगेच त्याचा व त्याच्या सगळ्या माणसांचा बाप्तिस्मा होतो. मग तो त्यांना घरात नेतो, पुढ्यात ताट वाढतो आणि घरादाराला आनंद होतो. जखमा धुणारा स्वतः धुतला गेला, ही जोडी चौथ्या शतकातल्या जॉन क्रिसोस्टमच्या नजरेतून सुटली नव्हती, त्याने आपल्या प्रवचनात नेमके तिच्यावरच बोट ठेवले. या रात्रीत विश्वास कुठे संपला, बाप्तिस्मा कुठे सुरू झाला आणि सत्कर्माची पाळी केव्हा आली, हे कुणी रेघ मारून दाखवावे. लेखकाने ती मारलेली नाही. सकाळ होण्याची, वर्ग भरवण्याची, साक्षीचा रविवार ठरवण्याची वाट कुणी पाहिली नाही. नव्या करारात विश्वास, बाप्तिस्मा आणि सत्कर्म हे एकाच जागेसाठी अर्ज केलेले तीन उमेदवार नाहीत, आणि ज्ञान-कर्म-भक्तीच्या चर्चेत मुरलेल्या मराठी वाचकाला वाटू शकतात तसे तीन पर्यायी मार्गही नाहीत. माणूस देवाच्या हाती आला की काय घडते, त्या एकाच घटनेची ही अंगे आहेत. त्यातले एक कापून घेऊन ‘एवढेच पुरे’ म्हटले की उरलेली दोन निरर्थक होतात आणि कापून घेतलेलेही धड राहत नाही.

गोंधळाला थोडा हातभार आपल्या शब्दानेही लावला आहे. बँकेत ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. सोने तारण, घर तारण. मराठी बायबलातला तारण हा शब्द ‘तारणे’ या क्रियापदातून आलेला, बुडत्याला वर काढण्याचा. पण वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या डोक्यात बँकेतलेच तारण घोळू लागते. देवाकडे काय जमा केले म्हणजे खाते मोकळे होईल? एक म्हणतो विश्वास, दुसरा म्हणतो सत्कर्मे, तिसरा म्हणतो बाप्तिस्म्याचा दाखला. प्रश्नच व्यापाऱ्याचा असल्यावर उत्तर व्यापाऱ्याचेच येणार. म्हणून ‘केवळ विश्वास’ म्हणणारा पुष्कळदा विश्वासाचेच एक सोपे कर्म करून टाकतो. प्रार्थना म्हटली, हात वर केला, तारीख लिहून ठेवली, पावती मिळाली.

आता तो ‘केवळ’. ‘केवळ विश्वासाने’ हा शब्दप्रयोग नव्या करारात जसाच्या तसा एकदाच येतो, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे त्याच्यापुढे नकार आहे. माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, असे याकोब सांगतो. रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये तो शब्द ल्यूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. यावर गदारोळ झाला तेव्हा १५३० साली भाषांतराविषयीच्या खुल्या पत्रात त्याने उत्तर दिले की जर्मन माणूस एक गोष्ट नाकारून दुसरी मान्य करताना हा शब्द वापरतोच, आणि पौलाच्या म्हणण्याचा रोखही तोच आहे. ल्यूथरला यासाठी लबाड म्हणणे अन्यायाचे होईल; हिलरीसारख्या प्राचीन धर्मपित्यानेही तो शब्द वापरलेला आहे. पण ल्यूथरचा प्रश्न काय होता हे लक्षात घ्यावे लागते. देवापुढे उभा राहताना मी कशावर भिस्त ठेवू, हा त्याचा प्रश्न. माझ्या कमाईवर की ख्रिस्तावर? त्या प्रश्नाला ‘केवळ विश्वासाने’ हे उत्तर चोख आहे. पत्रकवाल्यांनी तेच उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवले: तारण पावलेल्या माणसाला काय काय वगळले तरी चालेल?

ल्यूथरने बाप्तिस्मा वगळला नव्हता, हे त्याच्या १५२९ च्या दोन्ही प्रश्नोत्तरी धर्मबोधांत स्पष्ट आहे. लघु धर्मबोधात तो शिकवतो की बाप्तिस्मा पापांची क्षमा घडवतो, मरणातून आणि सैतानाच्या तावडीतून सोडवतो आणि विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक तारण देतो. पाण्याला हे कसे जमते, असे स्वतःच विचारून तो सांगतो की हे काम पाण्याचे नव्हे. पाण्याबरोबर असलेल्या देवाच्या वचनाचे आणि त्या वचनावर भरवसा टाकणाऱ्या विश्वासाचे आहे. बृहद् धर्मबोधात तर बाप्तिस्मा हे बाह्य कर्म आहे, त्याचा तारणाशी काय संबंध, असे म्हणणाऱ्या त्या काळच्या शहाण्यांची तो चांगलीच हजेरी घेतो. बाप्तिस्मा हे माणसाचे कर्म नाही, देवाचे आहे, आणि विश्वासाला धरायला काहीतरी लागते, ते इथे मिळते, असे त्याचे म्हणणे. पाप आणि सदसद्विवेक छळू लागले की माझा बाप्तिस्मा झालेला आहे हे आठव, असा सल्ला तो देतो. अमुक दिवशी मी प्रार्थना केली होती हे आठव, असे तो सांगत नाही.

मग बाप्तिस्मा म्हणजे नुसती खूण, हे मत आले कुठून? त्याचा मोठा पुरस्कर्ता झुरिकचा उल्रिख झ्विंग्ली. १५२५ साली बाप्तिस्म्यावर पुस्तक लिहिताना त्याने प्रामाणिकपणे कबूल केले की प्रेषितांच्या काळापासून झालेले सगळे धर्मपंडित या बाबतीत चुकले, असेच आपल्याला म्हणावे लागते. ही कबुली फार मोलाची आहे. दीड हजार वर्षांत आपल्या बाजूने आपल्याला कुणी सापडले नाही, असा तिचा अर्थ. झ्विंग्लीच बरोबर असेल, ही शक्यता एवढ्याने संपत नाही. पण त्याचे मत ‘सुरुवातीपासूनची साधी शिकवण’ म्हणून खपवता येत नाही, हे नक्की. त्याच झुरिकमध्ये ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ या तरुणाला, प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देतो म्हणून, लिमात नदीत बुडवून मारले. गुडघ्यांभोवती हात बांधले, मधून काठी घातली आणि पाण्यात ढकलून दिले. नुसत्या खुणेसाठी कुणी माणसे बुडवत नाही.

बाप्तिस्मा हे कर्म आहे, आणि तारण कर्मांनी होत नाही, म्हणून बाप्तिस्म्याचा तारणाशी संबंध नाही, हा विरोधी बाजूचा सर्वात धारदार युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. पण पौलाच्या नावे असलेल्या तीताच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, मांडणी नेमकी उलट आहे. आपण केलेल्या नीतीच्या कर्मांमुळे नव्हे, तर देवाने आपल्या दयेने, नव्या जन्माच्या स्नानाने आणि आत्म्याने केलेल्या नवीकरणाने आपल्याला तारले, असे तिथे म्हटले आहे. स्नान कर्मांच्या पारड्यात नाही. कर्मांच्या विरुद्ध पारड्यात, दयेच्या शेजारी आहे. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर बाप्तिस्मा आणि विश्वास एकाच वाक्यात येतात: बाप्तिस्म्यात पुरले जाणे, आणि देवाच्या कृतीवरील विश्वासाने ख्रिस्ताबरोबर उठवले जाणे. कृती कुणाची? देवाची. भाषाही हेच सांगते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने जमावाला दिलेली आज्ञा ग्रीकमध्ये कर्मणी आहे. पौलाला हनन्याने दिलेली आज्ञा थोडी निराळी, म्हणजे ‘करवून घे’ अशा वळणाची. तरी करवून घेणाराच करणारा होत नाही. आपण मराठीत ‘बाप्तिस्मा घेतला’ म्हणतो ते काही वाईट नाही, कारण घेणाऱ्याला कुणीतरी द्यावे लागते. नव्या करारात स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करणारा एकही माणूस नाही. उलट विश्वास ठेवणे हे व्याकरणाने सरळ कर्तरी क्रियापद. कर्म शोधायचेच असेल तर व्याकरण तरी पत्रकवाल्यांच्या बाजूचे नाही.

यावर वधस्तंभावरचा चोर पुढे केला जातो. त्याचा बाप्तिस्मा झाला नाही, त्याच्याकडून सत्कर्मे झाली नाहीत, तरी त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळाले. खरे आहे, आणि ख्रिस्ती धर्मातली फार मोठी आशा त्या एका प्रसंगात आहे. पण सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मत्तयाच्या शेवटी, पुनरुत्थानानंतर येते. शिवाय खिळलेल्या माणसाला जेवढे शक्य होते तेवढे त्याने केले. सोबत्याला दटावले, आपल्याला झालेली शिक्षा योग्य आहे हे मान्य केले, येशू निर्दोष आहे हे जाहीर सांगितले. हातपाय बांधलेल्याला जे माफ झाले ते हातपाय मोकळे असणाऱ्याने आपला हक्क म्हणून मागणे थोडे विचित्रच. रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरची गोष्टही अशीच उलटी वाचली जाते. तिथे पाण्याआधी पवित्र आत्मा उतरला हे बरोबर. पण त्यावरून पेत्राने काढलेला निष्कर्ष असा की आता यांना पाण्याची मनाई कोण करू शकेल? आता पाणी कशाला, असे त्याने म्हटले नाही. आणि ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नव्हे तर सुवार्ता सांगायला पाठवले, हे पौलाचे करिंथकरांना लिहिलेले वाक्य त्याच अध्यायातल्या भांडणातून तोडले की वाटेल तसे वापरता येते. तिथे गटबाजी माजली होती, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असे चालले होते. क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडून आपल्या हातून फारसे कुणाचे बाप्तिस्मे झाले नाहीत, हे बरेच झाले, असे तो म्हणतो, कारण नाहीतर पौलपंथ निघाला असता. तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला काय, हा त्याचा टोमणा सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला असल्याशिवाय लागूच होत नाही.

सत्कर्मांच्या बाबतीतली कापाकापी याहून उघड आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन, कृपेने विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, कुणी बढाई मारू नये म्हणून, सर्वांना पाठ. दहावे वचन मात्र दुर्लक्षित: देवाने आधीच योजून ठेवलेल्या सत्कर्मांसाठी आपण ख्रिस्तात निर्माण केले गेलो आहोत. कर्मे मूळ म्हणून नाकारली आणि पुढच्याच श्वासात फळ म्हणून मागितली. पौल ज्या ‘नियमशास्त्राच्या कर्मां’विरुद्ध बोलतो त्यांत वादाचा मुद्दा सुंता, खाण्यापिण्याचे विधी, पवित्र दिवस असा होता, याकडे ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या पुस्तकानंतर अभ्यासकांनी नव्याने लक्ष वेधले आहे. मला ते पूर्णपणे पुरेसे वाटत नाही, कारण रोमकरांस पत्रात पौलाचा सूर सुंतेपलीकडे, माणसाच्या बढाईपर्यंत जातो. तरी उपाशी माणसाला दिलेली भाकरी हे पौलाचे लक्ष्य कधीच नव्हते. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाचा अब्राहाम उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला, रात्री तारे पाहत देवाच्या शब्दावर विसंबणारा, अजून सुंता न झालेला. याकोबाचा बाविसाव्या अध्यायातला, मुलाला घेऊन डोंगर चढणारा. माणूस एकच, मध्ये कित्येक वर्षे गेलेली. ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या आवृत्त्यांतून तो शेरा गेला, हे फार थोडे सांगतात. आणि हिशेबाच्या वहीचे शेवटचे उत्तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. राजा ज्यांना उजवीकडे बोलावतो ते गोंधळून विचारतात, आम्ही तुला उपाशी कधी पाहिले, कधी खायला दिले? त्यांनी वही ठेवलेलीच नव्हती.

‘कॅथलिक कर्मांनी तारण कमावतात’ हा आरोपही याच पठडीतला. ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी काढलेल्या निर्णयात ‘केवळ विश्वासाने’ या सूत्राचा एका अर्थाने निषेध आहे, हे खरे. पण त्या निर्णयातल्या निषेधांच्या यादीतला पहिलाच निषेध, कृपेवाचून आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याचा आहे. नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो की कर्मे, त्या कृपेला पात्र ठरवत नाही, असेही तिथे लिहिले आहे. त्याआधी बाजारू क्षमापत्रे विकली गेली होती, तो कलंक पुसता येणार नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात देव आपल्याला आपल्या गुणवत्तेमुळे नव्हे तर कृपेनेच स्वीकारतो आणि मग सत्कर्मांसाठी समर्थ करतो, हे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्टांनी २००६ साली त्याला दुजोरा दिला. ज्यांच्या भांडणाच्या जोरावर पत्रके छापली जातात ते भांडणारे टेबलावरून केव्हाच उठून गेले आहेत.

तर मग ज्यांचा बाप्तिस्मा झाला नाही त्यांचे काय? माझ्या मांडणीवरचा खरा आक्षेप हा, आणि तो टाळणे बरे नाही. दुसऱ्या टोकाचे लोक मार्क १६:१६ वर भार टाकून अशांना सरळ बाहेर काढतात. तो भार त्या वचनाला पेलत नाही. मार्कचा तो शेवटचा भाग चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीच, आणि तिथेही दोष लागतो तो विश्वास न ठेवणाऱ्याला. ३९२ साली तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा धरून, पण बाप्तिस्म्याविनाच मेला, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने अंत्यभाषणात सांगितले की ज्याची त्याने मागणी केली ते त्याला मिळाले. विसाव्या शतकात बॉस्टनच्या लिओनार्ड फीनी या धर्मगुरूने कठोर अर्थ लावून चर्चबाहेरच्या सगळ्यांना नरकात पाठवले, तेव्हा रोमने १९४९ साली त्याचे मत खोडून काढले आणि १९५३ साली, हुकूम न पाळल्याबद्दल, त्यालाच चर्चबाहेर काढले. देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले, स्वतःला मात्र बांधून घेतले नाही, ही आजच्या कॅथलिक धर्मबोधाची भूमिका मला पटते. उलट नुसते पाणीही पुरत नाही. शोमरोनच्या शिमोन जादूगाराने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच दिवसांत आत्म्याचे सामर्थ्य पैशाने विकत मागितले. पेत्राने त्याला तुझे अंतःकरण सरळ नाही, असे तोंडावर सुनावले.

मराठी मुलखात या प्रश्नाचे दोन ठळक साक्षीदार आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले. याचा दाखला देऊन बाप्तिस्मा निरुपयोगी ठरवला जातो. रमाबाईंनी सांगितली ती उणीव विश्वासाची होती. भरवसा नसेल तर स्नान अपुरे, हे तर ल्यूथरही सांगतो. आणि ती उणीव भरल्यावर त्या केवळ विश्वासावर थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावला जे उभे केले त्याचे नाव मुक्ती. दुसरे साक्षीदार रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे ताटातूट झाली. १९१७ साली त्यांनी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र. दार किती रुंद ठेवावे याचा त्यांचा अंदाज अँब्रोझच्या जवळचा होता. पण त्या काळच्या समाजाकडेही जरा बघावे. ख्रिस्ताची स्तुती केली, शुभवर्तमान वाचले, मनात विश्वास धरला, तोवर घर सहसा मोडत नसे. पाण्यात उतरले की पंगत तुटे, वारसा तुटे, काही घरांत जिवंत माणसाचे श्राद्ध घालीत. बाप्तिस्मा ही नुसती बाहेरची खूण नव्हे, हे त्या कर्मठ मंडळींना आजच्या पत्रकवाल्यांपेक्षा बरे कळत होते.

पत्रके छापणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या आवृत्तीत बत्तीस, तेहतीस आणि चौतीस ही वचनेही छापा. जागा कमी पडली तर खालची प्रार्थना काढा. ती त्या अध्यायात नाही.